दारीं आलेला हत्ती

गेल्या वर्षींच्या, म्हणजे २०२४ च्या दसऱ्यास आमच्या दारीं हत्ती आला. वाचकांनीं दचकूं नये. आमची मिळकत पूर्वीं होती तेवढीच आहे, आणि आलेला हत्तीहि चार पायांचा नसून चार चाकांचा आहे. २००५ सालीं टाटांची 'एस' नांवाची लहान मालगाडी रस्त्यावर आली. तिला लोक 'छोटा हत्ती' म्हणूं लागले, आणि तेव्हांपासून आमच्या खेड्यांतील मुलें कोणत्याहि लहान मालगाडीस हत्तीच म्हणतात. आमची गाडी त्या जातीची नव्हे. तिच्याहून थोरली, जिला सर्वत्र 'पिकअप' म्हणतात ती. तथापि अशा गाडीच्या मागल्या उघड्या भागास 'हौदा' म्हणण्याची रीत आहे, आणि ज्याच्या पाठीवर हौदा त्यास हत्ती म्हणण्यांत मुलांचें तरी काय चुकलें?

यंदां २ ऑक्टोबरला दुसरा दसरा आला. आदल्या दिवशीं, खंडेनवमीस, कोयते, पहारी आणि आंबे उतरावयाचे झेले यांच्या ओळींत हत्तीचीहि पूजा झाली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. ते नऊ वजा करून उरलेले तीनशें छप्पन्न दिवस कसे गेले, हें पाहिल्यावांचून कोणत्याहि वस्तूविषयीं मत देऊं नये, असा आमचा जुना नियम आहे. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं बागायत, दुकान अथवा कारखाना असून घरांतला एखादा तरुण अशी गाडी घेण्याचा आग्रह धरीत असेल. अशा घरांतील वडीलधाऱ्यांकरितां हा एका वर्षाचा अनुभव आम्ही येथें मांडीत आहों. त्यांत आमची स्वतःची एक चूकहि सांगावयाची आहे. ती शेवटीं सांगूं.

आमचें घर रत्नागिरीपासून सुमारें वीस किलोमीटरांवर. तीन भावांचें एकत्र कुटुंब. चूल एक आणि जमाखर्चाची वहीहि एक. उत्पन्न मुख्यतः हापूस आंब्याचें. मधल्या बंधूंचा मुलगा पुण्यास सहा वर्षें नोकरी करून परत आला आणि बाग त्यानें अंगावर घेतली. गाडीची कल्पना त्याचीच. त्याचें म्हणणें असें कीं, भाड्याचा मोठा ट्रक गांवोगांवच्या पेट्या गोळा करीत येतो. तो भरेपर्यंत आपला माल दोन-दोन दिवस पडवींत पडून राहतो. आणि उतरलेला आंबा कोणासाठीं थांबत नाहीं. हें खरेंच होतें. रस्त्यावर येईपर्यंत गाडी दहा लक्ष चाळीस हजारांस पडत होती. दोन लक्ष चाळीस हजार घरच्या गंगाजळींतून आणि आठ लक्ष कर्जाऊ, पांच वर्षांची मुदत, दरमहा सतरा हजारांचा हप्ता, असें ठरलें. वडीलकीचा मान म्हणून शेवटचा शब्द आमचा होता. आम्ही म्हणालों, "घ्या गाडी. पण तिनें आपलें पोट आपण भरलें पाहिजे. घरच्या तिजोरीकडे तिनें बघावयाचें नाहीं." हें वाक्य त्या वेळीं सर्वांस फार शहाणपणाचें वाटलें. आम्हांसहि वाटलें.

प्रथम जमेची बाजू सांगतों. चैत्र-वैशाखांत सकाळीं उतरलेला आंबा दुपारीं निवडून, पेंढ्यांत घालून, पेट्यांत भरून तिन्हीसांजेस हौद्यांत चढूं लागला, आणि सुमारें सव्वातीनशें किलोमीटरांचा पल्ला काटून पहाटेपूर्वीं वाशीच्या बाजारांत उतरूं लागला. हापूसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु मानांकन मिळालेलें फळहि एप्रिलच्या उन्हांत दोन दिवस पडून राहिलें तर डागतेंच. दलालाकडून आलेल्या पट्टींत डागी फळांची वजावट यंदां मागील सालाच्या निम्म्याहून कमी होती. ज्येष्ठांत शेणखत आणि श्रावणांत पेट्यांच्या फळ्या गाडीनेंच आणिल्या. एकदां मध्यरात्रीं अडलेली गाय तालुक्याच्या पशुवैद्यांकडे पोंचविली; गाय व वासरूं दोन्हीं वांचलीं. त्या दिवसापासून आमच्या वहिनींचा गाडीस असलेला विरोध मावळला.

भाद्रपदांत घरच्या गणपतीची मूर्तीहि गाडीनेंच आणिली. मुलांचा हट्ट, आम्हीहि हौद्यांत बसणार. आम्हीं बसूं दिलें नाहीं. मालाच्या गाडींत माणसें बसविण्यास कायद्याची मनाई आहे, आणि हौद्यास धरावयास कांहीं नसतें, हें त्याहून मोठें कारण आहे. मुलें रुसलीं, रुसूं दिलीं.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर नव्या मालकांस उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी सांगतों. भाड्यानें माल वाहणाऱ्या गाडीस पिवळ्या पाटीवर काळे अंक लागतात. परंतु मालासहित एकूण वजन तीन हजार किलोंच्या आंत असलेल्या मालगाडीस वेगळा परवाना लागत नाहीं. पुष्कळ कंपन्या आपल्या गाड्यांचें वजन तीन हजारांच्या किंचित् खालीं कां ठेवतात, याचें हें एक कारण दिसतें. दुसरें चालकाविषयीं. साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर भाड्याची मालगाडी चालवितां येते कीं नाहीं, हा वाद कैक वर्षें चालला होता. साडेसात हजार किलोंपर्यंतच्या गाडीस तोच परवाना पुरेसा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या पीठानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं दिला. आमच्या पुतण्याच्या गाडीस तेव्हां पुरता महिनाहि झाला नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. यंदां २२ सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ही बातमी वाचल्यापासून आमच्या सौभाग्यवती दर दोन दिवसांनीं म्हणतात, "एक वर्ष थांबला असतां तर?" यास उत्तर नाहीं. मात्र एक हंगाम हातचा गेला असता, एवढें आम्ही मनांतल्या मनांत म्हणतों.

आपल्या एका घराच्या अनुभवावरून सिद्धान्त काढूं नये, म्हणून त्याच सुमारास अशा गाड्या घेतलेल्या तीन माजी विद्यार्थ्यांकडे आम्हीं मुद्दाम चौकशी केली.

पहिला संगमेश्वराकडे किराण्याच्या दुकानांना माल पोंचवितो. रोजचा फेरा तीस-चाळीस किलोमीटरांचा, ठरलेला, आणि दर थांब्याला गाडी बंद. सहाव्या महिन्यांत त्याच्या गाडींत एक पिवळा दिवा लागला आणि गाडी ओढीनाशी झाली. १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा' ही प्रदूषणाची मर्यादा लागू झाली. तेव्हांपासून डिझेलगाडीच्या धुराड्यांत काजळी धरणारी एक गाळणी असते. धुराडें चांगलें तापलें म्हणजे ती काजळी आपोआप जळून जाते. परंतु थांबत थांबत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचें धुराडें तेवढें तापतच नाहीं आणि गाळणी तुंबते. गॅरेजच्या मिस्त्रीनें त्यास सांगितलें कीं, आठवड्यांतून एकदां महामार्गावर अर्धा तास एकसारख्या वेगानें गाडी हांक. तेव्हांपासून तो दर रविवारीं, हौदा रिकामा ठेवून, बायकोस शेजारीं बसवून माहेरच्या गांवापर्यंत जाऊन येतो. दिवा पुन्हां लागलेला नाहीं, आणि घरींहि शांतता आहे.

दुसऱ्याची गाडी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी वाहते. इंजिनाविषयीं त्याची तक्रार नाहीं. तक्रार पाण्याची आहे. बर्फ वितळून जें खारें पाणी हौद्यांत सांडतें तें पत्र्याच्या सांध्यांत शिरतें. सहा महिन्यांत फाळक्याच्या बिजागऱ्या आणि हौद्याचे जोड तांबूस झाले. आतां तो रोज संध्याकाळीं गोड्या पाण्यानें गाडी खालून-वरून धुतो, आणि पावसाळ्यापूर्वीं तळाला गंजरोधक रंग देतो. तो म्हणाला, "गुरुजी, पहिल्या दिवसापासून हें केलें असतें तर बिजागऱ्या वांचल्या असत्या."

तिसरा जांभ्याचे चिरे वाहतो. आठव्या महिन्यांत त्याच्या मागल्या कमानीचा एक पाटा तुटला. हमींत काम होईल म्हणून तो गेला. परंतु जादा भारानें तुटल्याचें दिसतांच हमी लागू होत नाहीं असें त्यास सांगण्यांत आलें. मग त्यानें बाहेरच्या कारागिराकडून कमानींत दोन पाटे वाढवून घेतले, आणि आतां गाडी अधिक भार पेलते असें मानून तो पूर्वीपेक्षांहि अधिक चिरे भरतो. हा समज फार पसरलेला आहे म्हणून स्पष्ट लिहितों. पाटे वाढविल्यानें गाडी मागें बसत नाहीं इतकेंच. आंस, टायर आणि ब्रेक जेवढे होते तेवढेच राहतात. पाटा बोलत असे, कुरकुरून सांगत असे, त्याचें तोंड मात्र बंद होतें.

या तिसऱ्यास आम्हीं पुष्कळ उपदेश केला. गाडीच्या नोंदणीपत्रांत दोन वजनें लिहिलेलीं असतात, एक मोकळ्या गाडीचें आणि एक भरल्या गाडीचें. दुसऱ्यांतून पहिलें वजा कर, त्यांतून आंत बसणाऱ्या माणसांचें वजन वजा कर, उरेल तो तुझा माल, अशी वजाबाकी त्यास वहीवर करून दाखविली. २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणें जादा भारास वीस हजार रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागें आणखी दोन हजार, हेंहि ऐकविलें. तो नम्रपणें ऐकून घेत होता. मग म्हणाला, "गुरुजी, तुमच्या घरच्या गाडीची ही वजाबाकी केली आहे का?"

केलेली नव्हती. घरीं येऊन केली. आमच्या गाडीचें मोकळें वजन १७३५ किलो, भरल्या गाडीचें २९९० किलो. म्हणजे अंतर १२५५ किलो. चालक आणि जोडीदार यांचे १४० वजा जातां १११५ उरले. पांच डझनांची आमची एक पेटी, फळ अडीचशें ग्रॅमचें धरिलें तर पंधरा किलो फळ. लांकूड आणि पेंढा मिळून वीस किलोंच्या घरांत जाते. १११५ ला वीसनें भागिलें म्हणजे पंचावन्न पेट्या. आणि हंगामांत आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच अंगणांतून, दर फेरीस ऐशी-पंच्याऐशी पेट्या जात होत्या! ताडपत्री ओढून दोरखंड आवळतांना आम्हीं स्वतः कंदील धरिलेला आहे.

मग फेरीचा हिशेब मांडिला, तेव्हां या पंच्याऐशींचें कारण कळलें. जाऊन-येऊन साडेसहाशें किलोमीटर. कंपनीच्या जाहिरातींतील आंकडा कांहींहि असो, घाटांतून भरल्या गाडीस लिटरमागें साडेअकरा किलोमीटर पडतात. म्हणजे साडेछप्पन्न लिटर डिझेल, नव्वद रुपयांच्या भावानें पांच हजारांच्या वर. भाड्याचा ट्रक दर पेटीस ऐशी रुपये घेत असे. पंचावन्न पेट्यांचें भाडें चार हजार चारशें. याचा अर्थ असा कीं, नियमाप्रमाणें भार घेतला तर नुसतें डिझेलहि सुटत नाहीं. पंच्याऐशी पेट्या भरल्या तर सहा हजार आठशें होतात, आणि येतांना कांहीं भाडें मिळालें तर दोन पैसे उरतात. जादा भार हा लोभी माणसाचा दुर्गुण आहे अशी आमची समजूत होती. येथें तर तो साध्या त्रैराशिकांतूनच निघाला.

हें गणित श्राद्धपक्षाच्या अखेरीचें. आंब्याचे दिवस संपलेले होते, तेव्हां पुढच्या हंगामापूर्वीं बोलूं, असें म्हणून आम्हीं तें बाजूस ठेविलें. परंतु खंडेनवमीच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर पुतण्यानें गाडीची वही आमच्यापुढें ठेविली, आणि सर्वच बोलण्याची वेळ आली.

वही नीटनेटकी होती. जमेस आंब्याच्या वाहतुकीची बचत, अकराशें पेट्यांची, ८८,००० रुपये, बाहेरचीं भाडीं ४,०२,०००, एकूण ४,९०,०००. खर्चास चोवीस हजार किलोमीटरांचें डिझेल १,८८,०००, हप्ते २,०४,०००, सर्व्हिसिंग व तेलपाणी २१,०००, टोल, वाहनतळ व हमाली १४,०००, दुसऱ्या वर्षाचा विमा ३६,०००, किरकोळ दुरुस्ती १६,०००, एकूण ४,७९,०००. शिल्लक ११,०००. गाडीनें आपलें पोट आपण भरलें होतें, वर अकरा हजार घरांत आणिले होते. आम्हीं पुतण्याची पाठ थोपटली. मास्तरकीच्या संवयीनें एकच शंका विचारली, "ही किरकोळ दुरुस्ती सोळा हजारांची कशी?"

"थोडें घासलें होतें, काका," तो म्हणाला आणि खालीं पाहूं लागला.

माजघराच्या दारांत सूनबाई उभी होती. ती म्हणाली, "काका, मी सांगूं का? रागावणार नसाल तर."

तिनें सांगितलें तें असें. सप्टेंबरांत, श्राद्धपक्षांतच, गाडी कोल्हापुरास एक भाडें घेऊन गेली होती. येतांना साखरेचीं पोतीं मिळालीं. पन्नास किलोंचें एक, अशीं चाळीस. हप्त्यास चार दिवस उरले होते आणि महिनाभर पावसानें भाडीं नव्हतीं. पुतण्यानें चाळीसहि पोतीं भरलीं. रात्रीं, पावसांत, आंबा घाट उतरतांना अर्ध्या वाटेवर जळका वास येऊं लागला. पुढच्या वळणावर ब्रेकचें पेडल पायाखालीं बसलें. दाबावें तों आंत जाई, आणि गाडी धांवतच राहिली. त्यानें गिअर खालीं आणिला, हातब्रेक ओढला, आणि दरीची बाजू सोडून डोंगराकडच्या गटारांत चाक घातलें. गाडी दगडांना घासत घासत थांबली. बरोबरच्या हमालाच्या मनगटास मुका मार बसला. दोघेहि पहांटेपर्यंत पावसांत गाडींतच बसून होते. भार जादा होता म्हणून विम्याकडे जाण्याची सोय नव्हती. घरीं येऊन त्यानें बायकोस सांगितलें, आणि आम्हां वडील माणसांस सांगूं नको असें बजावलें.

ओटीवर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मधले बंधू उठून अंगणांत गेले.

ब्रेक कां गेले, हें आम्हीं शाळेंत शिकविलेल्याच विषयांतलें आहे. उंचावरून खालीं येणाऱ्या वस्तूची शक्ति कोठें तरी गेलीच पाहिजे. ब्रेकनें गाडी आंवरली म्हणजे तिची उष्णता होते. २९९० किलोंची गाडी शंभर मीटर खालीं उतरली तर तेवढ्यानें नऊ लिटर पाण्यास उकळी येईल इतकी उष्णता निर्माण होते. त्या रात्रींच्या पावणेचार टनांहून अधिक भरलेल्या गाडीची बारा लिटरांची. आणि घाट कांहीं एक शंभर मीटरांचाच नाहीं. खालच्या गिअरांत उतरलें तर यांतला बराच वांटा इंजिन सोसतें. वरच्या गिअरांत उतरलें तर सर्व ब्रेकांवर येतें. ब्रेकच्या नळींतलें तेल अति तापून उकळलें म्हणजे त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलें जात नाहीं पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल पोकळ लागतें. ज्या गिअरांत घाट चढतां त्याच गिअरांत उतरा, हा जुन्या चालकांचा नियम या कारणासाठीं आहे. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. ज्यास त्या रात्रीं तें उपयोगीं पडावयाचें त्यास मात्र आम्हीं कधीं सांगितलें नव्हतें. त्यास आम्हीं एवढेंच सांगितलें होतें कीं, गाडीनें आपलें पोट आपण भरलें पाहिजे.

सूनबाई पुढें म्हणाली, "आणि त्या वहींत एक रकाना राहिला आहे, काका. हे दोनशें बारा दिवस गाडीवर होते. मी कॅलेंडरवर खुणा केल्या आहेत. बाहेरचा चालक ठेवला असता तर?"

तिचें म्हणणें खरें होतें. आमच्या बाजूस पगारी चालक दिवसाला सातशें रुपयांखालीं येत नाहीं. दोनशें बारा दिवसांचे १,४८,४०० होतात. ते खर्चास लिहिले म्हणजे अकरा हजारांची शिल्लक जाऊन १,३७,४०० ची तूट येते. कोणी म्हणेल, हप्त्यांतला कांहीं भाग मुद्दलाचा, तो खर्च कसा? तेंहि आम्हीं करून पाहिलें. दहा टक्के व्याजानें पहिल्या वर्षींच्या २,०४,००० पैकीं सुमारें ७४,००० व्याज आणि १,३०,००० मुद्दल. परंतु गाडीची विक्रीची किंमतहि वर्षांत त्याहून कमी उतरलेली नाहीं. आणि कर घटून नवी गाडी स्वस्त झाल्यावर जुनीस कोण पूर्वींचा भाव देणार? तेव्हां तूट ती तूटच. गाडीनें आपलें पोट भरलें होतें हें खरें. पण तें आमच्या पुतण्याच्या झोपेंतून आणि त्या एका रात्रीं त्याच्या जिवावर भरलें होतें.

संस्कृतांत 'भृ' नांवाचा धातु आहे. वाहणें हाहि त्याचा अर्थ आणि पोसणें हाहि. 'भार' त्यापासून झाला. 'भर्ता' आणि 'भार्या' त्यापासूनच झाले. चाकर या अर्थाचा 'भृत्य' आणि वेतन या अर्थाची 'भृति' हींहि त्याच घरचीं. जो वाहतो त्यास पोसलें पाहिजे, हें आमच्या पूर्वजांनीं एका अक्षरांत बांधून ठेविलें आहे. तीस वर्षें आम्हीं हीं रूपें मुलांकडून घोकून घेतलीं. आणि घरच्या वहींत भाराचा रकाना आंखतांना भृतीचा आंखावयास विसरलों. घरचा मुलगा घरच्यासाठीं राबतो, त्याचें काय लिहावयाचें, अशी एकत्र कुटुंबांत एक चाल असते. प्रेमानें पडलेली ती चाल आहे. पण तिच्यामुळें हिशेब खोटा होतो, आणि खोट्या हिशेबावर माणूस जिवावरचे बेत करतो.

त्याच रात्रीं बंधूंस आंत बोलावून चार गोष्टी ठरविल्या. पहिली, पुढील हंगामापासून वाशीचा माल पूर्वींप्रमाणें मोठ्या ट्रकानें जाईल; एका फेरींत शेंकडों पेट्या नेणाऱ्या गाडीशीं पंचावन्न पेट्यांच्या गाडीनें लांबच्या पल्ल्यावर स्पर्धा करूं नये. आमचा हत्ती जवळच्या कोल्हापुरास जाईल, आणि तेथें गिऱ्हाइकांच्या घरीं पेटी पोंचवील. तेथें दलाली वांचते आणि ताज्या फळास भावहि मिळतो. दुसरी, हप्ता बागेच्या खर्चांत घरच्या तिजोरींतून जाईल. हप्त्याच्या तारखेसाठीं कोणी रात्रीं घाट उतरणार नाहीं. तिसरी, गाडीवरच्या प्रत्येक दिवसाची सातशें रुपये भृति पुतण्याच्या नांवें जमा होईल. चौथी, त्या रात्रींच्या हमालास आम्हीं स्वतः जाऊन भेटावें आणि त्याची बुडालेली मजुरी द्यावी. हें चौथें काम दसऱ्याचें सोनें वांटण्यापूर्वीं आम्हीं उरकलें.

आतां ज्या वाचकांच्या घरीं असा हत्ती यावयाचा आहे त्यांस थोडक्यांत. गाडी घेण्यापूर्वीं तिच्या भाराची वजाबाकी करा, आणि त्या भारावर फेरीचा हिशेब सुटतो कीं नाहीं तें पाहा. सुटत नसेल तर धंदा बदला किंवा पल्ला बदला, भार वाढवूं नका. जवळचेच फेरे असतील तर धुराड्याच्या गाळणीसाठीं अधूनमधून लांब चालवा. खारें पाणी लागणार असेल तर रोज धुवा. आणि गाडी चालविणारा घरचा असेल तर त्याचा रोज पहिल्या दिवसापासून वहींत लिहा. तो त्याला हातीं द्यावयाचा कीं घरच्या पेटींत ठेवावयाचा, हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, परंतु लिहा.

दसऱ्याच्या सकाळीं आम्हीं पांढऱ्या रंगानें गाडीच्या दाराच्या आंतल्या बाजूस '५५ पेट्या' असें मोठ्या अक्षरांत लिहिलें. हात पूर्वींसारखा स्थिर नाहीं. पांच थोडा वांकडा आला. तिन्हीसांजेस पुतण्या सोनें देऊन पायां पडला, तेव्हां आम्हांस कांहींच बोलतां आलें नाहीं. वहींत नवा रकाना सूनबाईनें आंखला आणि पहिली ओळ तिनेंच लिहिली: "आश्विन शुद्ध दशमी. गाडी दारांत. सणाची सुटी, रोज ७००." तिच्याखालीं आम्हीं सही केली.